बॉर्डरचं भिजत घोंगडं कुणाला हवंय?

७ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० मतांनी एक बिल पडलं. लागत होती ६० मतं, आणि तीसुद्धा बिल पास करायला नाही, नुसतं चर्चेला घ्यायला. मेक्सिकोला लागून असलेल्या बॉर्डरच्या सिक्युरिटीवर इतकं कडक बिल दोन्ही पक्षांच्या सहीने कित्येक वर्षांत आलं नव्हतं आणि ते पाडलं कुणी, तर ज्यांनी मागितलं होतं त्यांनीच. २०२३ च्या शेवटी रिपब्लिकन सिनेटर अडून बसले होते की युक्रेनला पैसे हवेत ना, मग आधी आपली बॉर्डर नीट करा, मग बोलू. म्हणून ओक्लाहोमाचे जेम्स लँकफर्ड, बॅप्टिस्ट युथ कॅम्प चालवून राजकारणात आलेले, कुठूनही बघा पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस, ते कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अ‍ॅरिझोनाच्या अपक्ष किर्स्टन सिनेमा यांच्याबरोबर काही महिने बसले, थँक्सगिव्हिंग गेलं ख्रिसमस गेला, शेवटी ३७० पानांचं बिल रविवारी ४ तारखेला बाहेर आलं आणि बुधवारी संपलं. रिपब्लिकन बाजूने हो म्हणणारे चार जण, लँकफर्ड स्वतः, सुझन कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि मिट रॉम्नी.

मला या चार दिवसांबद्दल लिहायचंय कारण इलेक्शनच्या वर्षात कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारण बॉर्डरच्या प्रश्नाचं काय करतं ते यात स्वच्छ दिसतं. आणि मी हे बॉर्डर उघडी ठेवा म्हणणाऱ्या बाजूने लिहीत नाहीये. देशाला सीमा असावी, कोण येतं कोण जातं ते सरकारला माहीत असावं, कायदा असेल तर तो पाळला जावा, हे मला शंभर टक्के पटतं, म्हणून तर जास्त संताप येतो.

आधी बिलात काय होतं ते बघू, कारण तेव्हा टीव्हीवर जे सांगितलं जात होतं त्याचा आणि कागदाचा फारसा संबंध नव्हता. बॉर्डरची मूळ गोची भिंतीत नाहीये, ती असायलमच्या, म्हणजे जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागायच्या, पद्धतीत आहे. माणूस नदी ओलांडून येतो, पळून जात नाही, उलट बॉर्डर पेट्रोलची गाडी शोधून त्यांच्या स्वाधीन होतो आणि म्हणतो मला परत पाठवलं तर माझ्या जिवाला धोका आहे. मग एक प्राथमिक मुलाखत, ती पास व्हायची पातळी बरीच खाली, आणि गर्दी झाली की तीही सगळ्यांची होत नाही, पुढची तारीख इमिग्रेशन कोर्टाची. त्या कोर्टात २०२३ संपताना तीस लाखांच्या वर केसेस पडून होत्या आणि जज होते सातशेच्या आसपास. म्हणजे निकाल यायला वर्षानुवर्षं, तोपर्यंत माणूस इथेच राहतो, काम करतो, पोरं शाळेत जातात, आणि गावाकडे फोन करून सांगतो की या, जमतंय. कितीही उंच भिंत बांधा, जोपर्यंत निकाल सहा वर्षांनी लागतोय तोपर्यंत लोक येणारच.

लँकफर्डच्या बिलाने नेमका तिथे हात घातला होता. पहिल्याच मुलाखतीची पातळी वर न्यायची, बऱ्याच केसेस कोर्टात न पाठवता असायलम ऑफिसरनेच सहा महिन्यांच्या आसपास निकाली काढायच्या, त्यासाठी चार हजारांहून जास्त नवे असायलम ऑफिसर, बॉर्डरवर दीड हजारांहून जास्त नवी माणसं, बॉर्डरसाठी एकूण २० अब्ज डॉलर, आणि आठवड्याची सरासरी दिवसाला ५,००० लोकांच्या वर गेली की बॉर्डरवरचं असायलम बंद करणं सरकारला बंधनकारक. बदल्यात डेमोक्रॅट लोकांना काय मिळालं? जवळजवळ काही नाही. लहानपणी कागदांशिवाय आणलेल्या, ड्रीमर्स म्हणतात त्या पोरांसाठी एक ओळ नव्हती, आधीपासून कागदांशिवाय राहणाऱ्यांना नागरिकत्व नव्हतं, जे गेल्या वीस वर्षांतल्या प्रत्येक वाटाघाटीत त्यांचं पहिलं मागणं असायचं. बॉर्डर पेट्रोलच्या युनियनने बिलाला पाठिंबा दिला, आणि ही युनियन म्हणजे २०१६ आणि २०२० दोन्ही वेळा ट्रम्पच्या मागे उभी राहिलेली.

आणि हो, आपल्यासाठी, म्हणजे इथल्या भारतीयांसाठीही त्यात बरंच काही होतं, जे आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फार कुणी वाचलेलं दिसलं नाही. पाच वर्षं दरवर्षी ५०,००० जास्तीचे इमिग्रंट व्हिसा, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी, आणि ज्या पोरांचं २१ वर्षं पूर्ण झाली की स्टेटस जातं, म्हणजे दोन वर्षांची असताना पुण्याहून आलेली आणि आता कॉलेजात असलेली पोरं, त्यांना संरक्षण. ते सगळं त्याच बुधवारी गेलं.

मग पडलं का? जानेवारीतच ट्रम्पने सांगून टाकलं होतं की हे बिल नको. त्यावर टीका व्हायला लागली तेव्हा लास वेगासच्या सभेत तो उघड म्हणाला की दोष माझ्यावर टाका, चालेल मला. हाऊसचे, म्हणजे खालच्या सभागृहाचे, स्पीकर माइक जॉन्सन यांनी कागद बाहेर यायच्या आधीच बिल आमच्याकडे आलं तर मेलेलंच असेल असं जाहीर केलं होतं. आणि ५,००० चा आकडा उचलून सगळीकडे सांगितलं गेलं की बघा बघा, रोज ५,००० लोकांना आत घ्यायचं चाललंय, जे साफ खोटं होतं, तो आकडा बंद करायची सक्ती कधी लागू होते त्याचा होता. लँकफर्ड यांनी त्या दिवशी सिनेटमध्ये उभं राहून जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. एका मोठ्या कॉमेंटेटरने, नाव त्यांनी घेतलं नाही, चार आठवडे आधीच, बिलात काय आहे हे कळायच्याही आधी, त्यांना सांगितलं होतं की इलेक्शनच्या वर्षात बॉर्डरचा प्रश्न सोडवणारं बिल तू पुढे नेलंस तर मी तुला संपवायला जे लागेल ते करीन. बिल चुकीचं आहे असं तो म्हणत नव्हता. प्रश्न सुटता कामा नये, निदान या वर्षी तरी, एवढंच म्हणणं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारणाची आत्ताची घडी अशी बसलीये की बॉर्डरचा प्रश्न सुटण्यापेक्षा तो पेटता असण्यातच त्यांच्या नेत्यांचा फायदा आहे, आणि हे कुणा एकाच्या दुष्टपणामुळे नाही तर प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीच्या, गणितामुळे आहे, आणि याची सगळ्यात मोठी किंमत तोच मतदार मोजतो जो मनापासून बॉर्डर सुरक्षित व्हावी म्हणून मत देतो.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की मग बायडनचं काय. बरोबर, त्याबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. २०२१ ला आल्या आल्या बायडनने भिंतीचं काम थांबवलं, लोकांना मेक्सिकोतच थांबवून ठेवायची ट्रम्पची पॉलिसी बंद केली, आणि पुढे दोन वर्षं आकडे चढत असताना त्यांचे लोक टीव्हीवर सांगत राहिले की बॉर्डर सुरक्षित आहे. २०२२ आणि २०२३ या दोन्ही आर्थिक वर्षांत बॉर्डर पेट्रोलने दक्षिण सीमेवर वीस-वीस लाखांच्या वर वेळा लोकांना पकडलं, आणि डिसेंबर २०२३ च्या एका महिन्यात अडीच लाखांच्या आसपास, जो रेकॉर्ड होता. टेक्सासमधल्या ईगल पाससारख्या तीसेक हजार वस्तीच्या गावात एकेका दिवसात हजारो माणसं येत होती, तिथल्या लोकांना कुठल्या चॅनेलने भडकवायची गरज नव्हती, ते दारात बघत होते. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी एप्रिल २०२२ पासून बसेस भरभरून लोक वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हरला पाठवले, एक लाखाच्या वर. माणसांना असं राजकारणात वापरणं मला अजिबात आवडलं नाही, पण त्याचा परिणाम झाला हे नाकारता येत नाही, कारण सप्टेंबर २०२३ येईपर्यंत न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट मेयर एरिक अ‍ॅडम्सच म्हणायला लागला की हा प्रश्न न्यूयॉर्क शहराला उद्ध्वस्त करेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कुठला असं विचारलं तेव्हा २८ टक्के लोकांनी इमिग्रेशन म्हटलं, यादीत पहिला नंबर.

म्हणजे राग खरा होता. म्हणून तर प्रश्न पडतो, की एवढा खरा राग हातात असताना, समोरचा पक्ष गुडघ्यावर आलेला असताना, त्याच्याकडून हवं ते लिहून घ्यायची संधी असताना, ती का सोडली.

याचं उत्तर १९८६ मध्ये सुरू होतं. त्याच्याही आधी, १९८० च्या प्रायमरीत ह्यूस्टनच्या डिबेटमध्ये रेगन आणि थोरले बुश दोघांना बेकायदा आलेल्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल विचारलं गेलं तेव्हा दोघंही इतकं सौम्य बोलले की आजच्या रिपब्लिकन प्रायमरीत तसं बोलणाऱ्याला पाच टक्केही मतं पडणार नाहीत. रेगन तर म्हणाला कुंपण कशाला, कामाचं परमिट द्या, कायदेशीर येऊ द्या जाऊ द्या. मग १९८६ ला त्याने कायदा केला, त्यात सौदा असा की आत्तापर्यंत आलेल्यांना कायदेशीर करायचं आणि यापुढे बेकायदा माणसांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करायचा. पहिला भाग झाला, २७ लाखांच्या आसपास लोक कायदेशीर झाले. दुसरा भाग कागदावर राहिला, कारण मालकाने खोटं कार्ड बघून खरं समजलं तर त्याला कुणी काही करत नव्हतं, आणि शेतमालक, हॉटेलवाले, बांधकामवाले, कत्तलखाने चालवणारे, ज्यांना स्वस्तात माणसं हवी होती, ते सगळे रिपब्लिकन पक्षाचे देणगीदारही होते. पुढच्या वीस वर्षांत कागदांशिवाय राहणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला. आज प्यू रिसर्चच्या अंदाजाने २०२३ चा आकडा १ कोटी ४० लाख आहे.

कॉन्झर्व्हेटिव्ह मतदाराच्या मनात ही जखम अजून ओली आहे आणि मला ती समजते. तुम्ही आम्हाला सांगितलंत एकदाच माफी, मग कडक अंमलबजावणी, माफी झाली आणि अंमलबजावणी आलीच नाही. त्यानंतर सौदा हा शब्द ऐकला की तो आधी खिसा चाचपतो. पण याच जखमेवर धंदा करणारे पुढे आले आणि फरक तिथे पडला.

१९९४ ला कॅलिफोर्नियात गव्हर्नर पीट विल्सन पडायच्या बेतात होते, त्यांनी प्रपोझिशन १८७ चा, म्हणजे थेट लोकांच्या मतदानाला टाकलेल्या कायद्याचा, झेंडा घेतला, बेकायदा राहणाऱ्यांना शाळा, दवाखाना सगळं बंद, ते प्रपोझिशन ५९ टक्क्यांनी पास झालं, विल्सन जिंकले, कोर्टाने कायदा उडवला, आणि लॅटिनो मतदार असा काही दुरावला की रेगनचं कॅलिफोर्निया आज रिपब्लिकन पक्षासाठी जवळजवळ संपलंय. एक इलेक्शन जिंकलं, राज्य गमावलं. धाकट्या बुशने यातून शिकून २००४ ला लॅटिनो मतांत चाळीस टक्क्यांपर्यंत मजल मारली, पण २००६ च्या मिडटर्मच्या, म्हणजे प्रेसिडेंटच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीच्या, आधी अवघ्या बारा दिवसांवर त्यानेही ७०० मैलांच्या कुंपणाच्या कायद्यावर सही केली, आणि हाऊस सिनेट दोन्ही गेले ते गेलेच. २००७ ला सिनेटर मॅकेन आणि टेड केनेडींना बरोबर घेऊन त्याने मोठी सुधारणा आणली, टॉक रेडिओवाल्यांनी इतकं रान उठवलं की सिनेटचे फोन जाम झाले, बिल पडलं. तेच मॅकेन २०१० च्या प्रायमरीत स्वतःची सीट धोक्यात आल्यावर अ‍ॅड करून सांगायला लागले की ते कुंपण एकदाचं पूर्ण करा. इतका मोठा माणूस, व्हिएतनाममध्ये पाच वर्षं कैदेत काढलेला, प्रायमरीला घाबरला.

पण खरा धडा २०१४ चा. रॉम्नी २०१२ ला लॅटिनो मतांत २७ टक्क्यांवर अडकला, पक्षाने स्वतःच मार्च २०१३ मध्ये रिपोर्ट काढून सांगितलं की इमिग्रेशन सुधारणा स्वीकारा नाहीतर आपलं काही खरं नाही, जूनमध्ये आठ सिनेटरांचं बिल, त्यात मार्को रुबिओ पण होता, ६८ विरुद्ध ३२ असं दणक्यात पास झालं. स्पीकर जॉन बेनर यांनी ते हाऊसमध्ये आणलंच नाही, पडून राहिलं. आणि १० जून २०१४ ला एरिक कँटर, हाऊसमधला दोन नंबरचा रिपब्लिकन, पुढचा स्पीकर समजला जाणारा माणूस, व्हर्जिनियातल्या आपल्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या इकॉनॉमिक्सच्या प्रोफेसरकडून हरला. कँटरचा खर्च पन्नास लाख डॉलरच्या वर, ब्रॅटचा दोन लाखांच्या आसपास. कँटर काही सुधारणावादी नव्हता, लहानपणी आणलेल्या पोरांसाठी काहीतरी करू एवढंच म्हणाला होता, तेवढ्यावरून ब्रॅटने त्याला माफीवाला ठरवलं. पराभवाला इतरही कारणं होती, कँटरचा मतदारसंघाशी संपर्क तुटला होता वगैरे, पण वॉशिंग्टनने धडा घेतला तो एकच. आणि मतदान केलं किती लोकांनी? पासष्ट हजारांच्या आसपास. साडेसात लाखांच्या मतदारसंघात.

हे मी जरा रेंगाळून सांगतोय कारण सगळी मेख इथे आहे. बहुतेक रिपब्लिकन खासदारांच्या जागा इतक्या सेफ आहेत की नोव्हेंबरला त्यांना डेमोक्रॅटची भीतीच नाही, भीती असते ती मार्च ते ऑगस्टमधल्या प्रायमरीची, आणि तिथे येतात ते मूठभर, सगळ्यात चिडलेले, सगळ्यात जास्त रेडिओ ऐकणारे. त्यांच्यासमोर जाऊन मी कायदा पास केला, आकडे कमी होतील, असं सांगून टाळ्या मिळत नाहीत, मी अडवलं, मी झुकलो नाही, याला मिळतात. लँकफर्डला जे भोगावं लागलं ते बघून दुसरा कोण पुढे येणार? मे २०२४ मध्ये तेच बिल डेमोक्रॅट लोकांनी मुद्दाम परत आणलं, आता ते निव्वळ रिपब्लिकन पक्षाला अडचणीत आणायला, तेव्हा लँकफर्ड स्वतः विरोधात गेले. ४३ विरुद्ध ५०. स्वतः लिहिलेल्या बिलाच्या विरोधात मत द्यायची वेळ यावी, दोन्हीकडच्या राजकारणाने एका कामसू माणसाची अशी अवस्था केली.

बरं एवढं करून हा मुद्दा इलेक्शन जिंकून देतो का, तर दरवेळी नाही. २०१८ च्या मिडटर्मला होंडुरासहून निघालेल्या लोकांच्या जथ्यावर, म्हणजे कॅरव्हॅनवर, आठवडेच्या आठवडे गदारोळ झाला, पाच हजारांच्या वर सैनिक बॉर्डरवर पाठवले, मतदान झालं, हाऊसमधल्या चाळीस जागा गेल्या आणि मग कॅरव्हॅनचं नावही कुणी काढेना. १३ फेब्रुवारी २०२४ चं तर उदाहरण बघाच. त्या दिवशी हाऊसने होमलँड सिक्युरिटी सेक्रेटरी मायोर्कास यांच्यावर बॉर्डरवरून एका मताने, २१४ विरुद्ध २१३, महाभियोग मंजूर केला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडमधल्या पोटनिवडणुकीत टॉम सुओझी या डेमोक्रॅटने रिपब्लिकन सीट जिंकली, प्रचारात हेच सांगून की बॉर्डरवर तोडगा आला होता आणि यांनी तो मारला. नोव्हेंबरला अ‍ॅरिझोनात, बॉर्डरवरच्याच राज्यात, ट्रम्प जिंकला आणि सिनेटला मात्र डेमोक्रॅट रुबेन गायेगो. त्याच वेळी टेक्सासच्या टोकाला स्टार काउंटी, जिथे जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो, शंभराहून जास्त वर्षांत पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. म्हणजे लॅटिनो म्हणजे सैल बॉर्डर हवी असणारा हे डेमोक्रॅट गृहीतक पण साफ चुकलं. लोकांना बॉर्डरवर शिस्त हवी आहे, आणि जो ती देईल असं वाटतं त्याला ते मत देतात, इतकं साधं आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप. कॉन्झर्व्हेटिव्ह मित्र म्हणतात की बिल पडलं ते बरंच झालं, कारण ट्रम्पने २०२५ मध्ये एकही नवा असायलम कायदा न करता बॉर्डर बंद करून दाखवली, म्हणजे अधिकार होतेच, बायडनला वापरायचे नव्हते. याला आकड्यांचा आधार आहे. मार्च २०२५ मध्ये बॉर्डर पेट्रोलने दक्षिण सीमेवर पकडलेले लोक सात हजारांच्या आसपास, महिन्याचे, आणि पूर्ण आर्थिक वर्षाचा आकडा १९७० नंतर सगळ्यात कमी. हे यश आहे आणि ते मान्य करायला माझी जीभ अडखळत नाही. बायडनने सुद्धा ४ जून २०२४ ला, इलेक्शन तोंडावर आल्यावर, स्वतःच्या सहीने असायलम आवळलं आणि आकडे धडाधड खाली आले, त्याआधी जानेवारीपासून मेक्सिकोनेही त्यांच्या बाजूला लोकांना अडवायला सुरुवात केली होती. मग हे तीन वर्षं आधी का नाही केलं, याचं उत्तर डेमोक्रॅट पक्षाने अजून दिलेलं नाही.

पण सहीने केलेलं सहीने जातं. २०१९ ला ट्रम्पने केलेलं २०२१ ला बायडनने पुसलं, आज केलेलं पुढचा कुणी पुसेल, आणि मधल्या काळात कोर्ट एकेका ऑर्डरला धरून बसतं. असायलमचा मूळ कायदा १९८० चा, पद्धत १९९६ ची, तीत मोठी दुरुस्ती कुणीच केलेली नाही, तीस लाख केसेसचा ढीग तसाच. ज्याला खरंच कायमची शिस्त हवी त्याने कायदा मागायला हवा होता. आणि जुलै २०२५ मध्ये जेव्हा दोन्ही सभागृहं, व्हाइट हाऊस, सगळं हातात होतं तेव्हा काय पास झालं बघा, इमिग्रेशनच्या अंमलबजावणीसाठी १७० अब्ज डॉलरच्या आसपास, त्यात भिंतीला ४६.५ अब्ज, लोकांना कोंडून ठेवायच्या जागांना ४५ अब्ज, आणि इमिग्रेशन जजची संख्या? त्यावर कमाल मर्यादा घातली, ८०० च्या वर नेमायचे नाहीत. जिथे पाणी तुंबलंय ती मोरी साफ करायला माणूस द्यायचा नाही आणि घराबाहेर उंच कंपाउंड बांधायचं, असा हा प्रकार. कारण भिंतीचा फोटो येतो, जजने चार महिन्यांत निकाल दिला याचा फोटो येत नाही.

आणि बॉर्डर शांत झाली तरी प्रचाराला ती लागतेच, मग ती आत सरकते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओहायोच्या स्प्रिंगफिल्डमधल्या हैतीच्या लोकांबद्दल कुत्री-मांजरं खातात म्हणून प्रेसिडेंटच्या डिबेटमध्ये बोललं गेलं. ते लोक बहुतांशी कायदेशीर परवानगीने राहत होते, गावातल्या कारखान्यांत कामाला होते, आणि त्या बोलण्यानंतर तिथल्या शाळा बॉम्बच्या धमक्यांनी रिकाम्या कराव्या लागल्या. बेकायदा येणाऱ्यांवरचा वाद कायदेशीर राहणाऱ्यांवर कधी घसरला हे कळलंही नाही.

आपल्या लोकांना मला हेच सांगायचंय. इथे अमेरिकेत आपल्यातले खूप जण म्हणायचे, आपण लाइनीत उभं राहून, फी भरून, कायदेशीर आलो, हे आपल्याबद्दल नाहीच. ते म्हणणं चुकीचं नव्हतं, लाइनीत पंधरा वर्षं उभ्या असलेल्याला लाइन मोडणाऱ्याचा राग येणारच. पण डिसेंबर २०२४ मध्ये, अजून शपथविधीही झाला नव्हता, तेव्हा एच-वन-बी वरून ट्रम्पच्याच समर्थकांत जे भांडण पेटलं, एका बाजूला मस्क आणि रामास्वामी, दुसऱ्या बाजूला ट्रम्पचा जुना सल्लागार बॅनन, त्यात भारतीयांबद्दल जे जे लिहिलं गेलं ते वाचलेलं आठवतंय ना? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी ला एक लाख डॉलरची फी लागली, शुक्रवारी संध्याकाळी बातमी आली आणि सुट्टीवर भारतात गेलेले लोक तिकिटं बदलत धावत सुटले. दुसऱ्या टोकाला, ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकन लष्कराचं विमान उतरलं, १०४ भारतीय, प्रवासभर हातापायांत बेड्या, त्यात तिघं महाराष्ट्रातले. एजंटला लाखो रुपये देऊन पनामाच्या जंगलातून चालत जाणारी पोरं ही त्याच तुंबलेल्या कोर्टांच्या आशेवर जात होती, की एकदा आत पोचलो की पाच-सात वर्षं कुणी हलवत नाही. कायदा वेळेवर दुरुस्त झाला असता तर त्यांच्या गावातल्या एजंटचा धंदाच बसला असता.

मतदारही आता कंटाळलेला दिसतोय. जून २०२४ मध्ये गॅलपला ५५ टक्के लोकांनी सांगितलं होतं की इमिग्रेशन कमी करा, एका वर्षात तो आकडा ३० वर आला. बॉर्डर शांत झाली आणि पार्किंगमधून, कोर्टाच्या दारातून लोकांना उचलताना दिसायला लागलं तसं मत फिरलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी ही खरी तर उत्तम वेळ आहे, विश्वास कमावलेला असताना, ताकद असताना, सौदा करायची. जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मरिया एल्विरा सालाझार आणि एल पासोच्या डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार यांनी डिग्निटी अ‍ॅक्ट परत मांडलाय. २०२१ च्या आधीपासून राहणाऱ्याने सात वर्षांत ७,००० डॉलर भरायचे, काम करायचं, गुन्हा करायचा नाही, राहायची परवानगी मिळेल पण नागरिकत्व नाही, आणि सोबत बॉर्डरची कडक व्यवस्था, मालकांना कामगारांचे कागद तपासायची सक्ती. यात १९८६ ची चूक दुरुस्त केलेली आहे. परफेक्ट नाहीये, पण मतदानाला आणण्याइतकं नक्कीच आहे, आणि ते आणायचं की नाही हे परत माइक जॉन्सन यांच्याच हातात आहे.

नोव्हेंबर २०२६ च्या मिडटर्मला आपल्यातले सिटिझन झालेले लोक नेहमीप्रमाणे मत देतील, फोटो टाकतील. पण निर्णय त्याआधी होऊन गेलेला असतो. टेक्सासची प्रायमरी मार्चमध्ये असते आणि तिथे पक्षाची नोंदणी लागतच नाही, फ्रिस्को प्लॅनोमधला कुणीही जाऊन रिपब्लिकन मतपत्रिका मागू शकतो. न्यू जर्सीत जूनमध्ये असते, कुठल्याच पक्षात नाव नसेल तर तिथल्या तिथे पक्ष सांगून मत देता येतं. जिथे पासष्ट हजार मतांत पुढचा स्पीकर पडतो तिथे न्यू जर्सीत भारतीयांनी भरलेल्या एडिसनमधल्या चार गल्ल्याही कमी नाहीत. उमेदवार सभेला, गणपतीला, दिवाळीला हात जोडून येतात तेव्हा भिंतीबद्दल विचारू नका, त्याचं उत्तर त्यांना पाठ आहे. इमिग्रेशन जज ८०० च्या वर का नकोत ते विचारा, आणि डिग्निटी अ‍ॅक्ट फ्लोअरवर आला तर हो म्हणाल की नाही, एवढं एका शब्दात मागा.